पेनड्राइव्हमध्ये जागा असूनही मोठी फाईल कॉपी होत नव्हती
आणीबाणीच्या पिशवीत टॉर्च, औषधांसोबत ठेवायच्या ३२ जीबी पेनड्राइव्हवर घरच्या व्हिडिओंची ६ जीबीची झिप फाईल काही केल्या जाईना. २० जीबी मोकळी, तरी ‘फाईल फार मोठी आहे’ असा संदेश. पोर्ट बदलला, जुन्या फाईली उडवल्या. जीव मेटाकुटीला आला.

कारण निघालं फॅट३२, म्हणजे पेनड्राइव्हवर फाईली साठवण्याची जुनी पद्धत (फाईल सिस्टीम). त्यात एका फाईलला ४ जीबीची मर्यादा असते, जागा कितीही असो.

आधी पेनड्राइव्हमधलं सगळं कॉम्प्युटरवर काढून घेतलं, कारण फॉरमॅट केलं की ते पुसलं जातं. मग विंडोजमध्ये ड्राइव्हवर राइट-क्लिक, ‘फॉरमॅट’, फाईल सिस्टीम ‘एक्सफॅट’ (हिला ती ४ जीबीची मर्यादा नाही), ‘स्टार्ट’. सगळं परत कॉपी केलं, ‘इजेक्ट’ करूनच काढला आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर झिप उघडून अगदी शेवटचा व्हिडिओ चालवून पाहिला. चालला.