डेस्कटॉपचा प्रोसेसर घ्यावा की सर्व्हरचा? या चुका टाळा

जुलैचा शेवटचा आठवडा, रिटर्न भरायची घाई, आणि एका सीए ऑफिसमधून फोन. "दादा, सर्व्हर घेतला तरी टॅली आधीपेक्षा हळू चालतंय. जरा येऊन बघता का?"

गेलो. मशीन सेकंडहँड होतं, पण दिसायला दणकट. आत दोन झिऑन ई५-२६८० व्ही४, म्हणजे इंटेलचे सर्व्हरसाठीचे प्रोसेसर. एकेका प्रोसेसरमध्ये १४ कोअर, म्हणजे काम करणारे स्वतंत्र भाग; एक कोअर एका वेळी दोन कामं (थ्रेड) हाताळतो, म्हणून दोन्हींचे मिळून ५६ थ्रेड. मी टास्क मॅनेजर उघडला, सीपीयूच्या आलेखावर उजवं क्लिक केलं आणि लॉजिकल प्रोसेसर वेगवेगळे दाखवायला लावले. पडद्यावर ५६ बारीक चौकोन आले. तिथल्या मॅडमना म्हटलं, नेहमीचा सगळ्यात मोठा रिपोर्ट काढा. एक चौकोन काठोकाठ भरला. तो उतरला तसा दुसरा भरला. बाकीचे जवळपास रिकामे. आणि वर एकूण वापर दिसत होता ३ टक्के.

"तीनच टक्के वापर आहे, मग अडतंय कुठे?" मॅडमनी विचारलं. बरोबरच होता प्रश्न. ५६ थ्रेडपैकी एक पूर्ण भरला तरी एकूण आकडा दोन टक्क्यांच्याही आत राहतो. काम एकाच कोअरवर अडलेलं होतं, आणि तो कोअर होता २०१६ सालचा, टर्बोमध्ये, म्हणजे तात्पुरत्या वाढीव वेगात, जास्तीत जास्त ३.३ गिगाहर्ट्झचा. त्यांचं आधीचं साधं मशीन कोअर आय५-१०४०० चं होतं. सहाच कोअर, पण २०२० सालचे आणि ४.३ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारे. एकट्याने पळायच्या शर्यतीत तेच पुढे असणार. आम्ही डेटा परत त्या आय५ वर नेला, हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, आणि संध्याकाळपर्यंत ऑफिस सुरळीत झालं.

ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की तिच्यापासूनच सुरुवात केली.

कोअर मोजून प्रोसेसर निवडणं

सर्व्हरचा प्रोसेसर म्हणजे डेस्कटॉपच्या प्रोसेसरपेक्षा वरची पायरी, असा समज पक्का बसलेला आहे. प्रत्यक्षात दोघांची घडणच वेगळ्या कामासाठी झालेली असते. एएमडीचा एपिक ९६५४ घ्या. ९६ कोअर, ३६० वॅट, आणि एका कोअरचा वेग फार तर ३.७ गिगाहर्ट्झ. इंटेलचा कोअर आय९-१३९०० के घ्या. २४ कोअर, त्यातले ८ ताकदीचे आणि १६ छोटे, पण एखादा कोअर ५.८ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. दोन्ही २०२२ चेच. पहिला शंभर माणसांचं काम एकाच वेळी ओढायला केलेला, दुसरा एका माणसाला ताटकळत न ठेवण्यासाठी.

म्हणून आधी तुमचं काम कोणत्या जातीचं आहे ते बघा. हिशेबाची सॉफ्टवेअरं आणि ऑटोकॅडचं बहुतेक काम एका कोअरवर चालतं. तिथे वेग घ्या. पाच-सहा व्हर्च्युअल मशीन (एकाच मशीनवर चालणारे आभासी संगणक), ब्लेंडरमधलं थ्रीडी चित्रांचं रेंडरिंग, पन्नास जण एकदम वापरतात तो डेटाबेस, मोठ्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टचं कंपायलिंग, इथे कोअर खरोखर उपयोगी पडतात. शंका असेल तर वर सांगितलेले चौकोन उघडून कामाच्या गर्दीचा एक तास नुसतं बघत बसा. फुकटात इतकी चांगली तपासणी दुसरी नाही.

रॅम "बसली" म्हणजे चालेल असं धरणं

सर्व्हरमधून निघालेली रॅम बाजारात स्वस्त मिळते. ती बहुतेक वेळा रजिस्टर्ड असते, म्हणजे आरडीआयएमएम: जादा चिप असलेली, सर्व्हरसाठीची पट्टी. डीडीआर४ पिढीची अशी पट्टी डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये अगदी नीट बसते, खाच जुळते, क्लिप लागते, पण मशीन सुरू होत नाही. माणूस मग मदरबोर्ड गेला म्हणून दुकानात धावतो. पट्टीवरचं लेबल वाचा: वेगाच्या आकड्यानंतर 'आर' असेल तर ती डेस्कटॉपची नव्हे. त्यापुढच्या डीडीआर५ मध्ये खाचेची जागाच बदलली आहे, त्यामुळे निदान चुकीची पट्टी बसत तरी नाही. जोर लावू नका.

याच्या उलटी चूक सर्व्हर घेणारे करतात. बारा चॅनेलच्या, म्हणजे रॅमकडे जाणाऱ्या बारा वाटा असलेल्या, एपिकमध्ये "आत्ता एक मोठी पट्टी टाकू, पुढे वाढवू" म्हणतात. डीडीआर५-४८०० च्या एका चॅनेलमधून सेकंदाला ३८.४ जीबी डेटा जातो, बारांमधून ४६०.८ जीबी. एका पट्टीवर ९६ कोअर चालवणं म्हणजे बारा नळांच्या टाकीला एकच नळ उघडा ठेवणं. तेवढ्याच पैशांत लहान पट्ट्या जास्त घ्या आणि कुठल्या स्लॉटमध्ये आधी लावायच्या ते मॅन्युअलमधल्या तक्त्यात बघा.

ईसीसीला चैन समजणं

ईसीसी म्हणजे आपली चूक आपणच पकडणारी रॅम. याबद्दल मला थोडं थांबून लिहायचं आहे, कारण इथे नुकसान दिसतच नाही.

एका पॅथॉलॉजी लॅबसाठी मीच १६ कोअरच्या रायझनवर (एएमडीचा डेस्कटॉप प्रोसेसर) मशीन बांधलं होतं. वेग उत्तम, सगळे खूश. रॅम साधी. दीड वर्षाने रात्रीच्या बॅकअपची पडताळणी चुकायला लागली. कधी चुकायची, कधी नाही. आम्ही आधी डिस्कवर संशय घेतला, मग केबलवर, मग सॉफ्टवेअरवर. शेवटी मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर लावून ठेवला. सकाळी पडद्यावर दोन लाल ओळी होत्या. दोन्ही वेळा मेमरीतला पत्ता एकच, उलटलेला बिटही (० किंवा १ चा आकडा) एकच. चारपैकी एक पट्टी खराब. पट्टी दहा मिनिटांत बदलली; पण गेल्या काही आठवड्यांत तिच्यातून जाऊन काय काय चुकीचं लिहिलं गेलं असेल, हे शोधायला जुने बॅकअप एकमेकांशी ताडून बघण्यात चार दिवस गेले. तिथे माणसांचे रक्ताचे रिपोर्ट होते. ते चार दिवस मी विसरलेलो नाही.

ईसीसी रॅम दर ६४ बिटांमागे जादा बिट ठेवते. एक बिट उलटला तर जागच्या जागी दुरुस्त करते, दोन उलटले तर निदान ओरडून सांगते. आणि मुख्य म्हणजे नोंद ठेवते, त्यामुळे बिघडत चाललेली पट्टी आधीच कळते. "डीडीआर५ मध्ये ईसीसी आतच असतं" असं दुकानात सर्रास सांगतात. ती दुरुस्ती चिपच्या पोटातल्यापुरती असते. चिप ते प्रोसेसर या वाटेवरची चूक तिला दिसत नाही.

यासाठी थेट मोठा सर्व्हर घ्यायलाच हवा असंही नाही, आणि हे फार कमी जणांना ठाऊक असतं. इंटेलच्या बाराव्या पिढीपासूनचे बरेचसे कोअर प्रोसेसर डब्ल्यू६८० चिपसेटच्या बोर्डावर ईसीसी चालवतात. एएमडीने मे २०२४ मध्ये एपिक ४००४ मालिका आणली, ती रायझनच्याच एएम५ सॉकेटमध्ये (बोर्डावरच्या प्रोसेसरच्या जागेत) बसते आणि १६ कोअरपर्यंत जाते. म्हणजे डेस्कटॉपचा वेग आणि सर्व्हरची खात्री, दोन्ही. साध्या रायझनवरही ईसीसी चालू शकतं, पण ते बोर्डावर अवलंबून. आणि रॅम घेताना रजिस्टर्ड नव्हे, अनबफर्ड (ती जादा चिप नसलेली) ईसीसी घ्यायची. लावल्यावर मेमटेस्टच्या माहितीत ईसीसी चालू दिसतंय का, हे डोळ्यांनी बघा. लॅबचं मशीन आता असंच आहे.

लेन न मोजणं

लेन म्हणजे प्रोसेसर आणि कार्डं यांच्यातल्या डेटाच्या वाटा. ग्राफिक्स कार्ड, दोन-तीन एनव्हीएमई (वेगवान एसएसडी), दहा गिगाबिटचं नेटवर्क कार्ड, वर रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र चालवणारं). यादी वाढत जाते आणि मग कळतं की दुसरं कार्ड लावल्यावर पहिलं निम्म्या लेनवर आलं, किंवा एम.२ (एनव्हीएमईची जागा) भरल्यावर दोन साटा पोर्ट (साध्या डिस्कच्या जोडण्या) बंद पडले. बोर्ड बिघडलेला नसतो. आय९-१३९०० के मधून थेट २० पीसीआयई लेन निघतात, एपिक ९६५४ मधून १२८. कार्डं जास्त असतील तर हा एकच मुद्दा निवड ठरवून टाकतो.

डेस्कटॉप चिप वर्षभर तापत ठेवणं

आय९-१३९०० के टर्बोमध्ये २५३ वॅटपर्यंत ओढतो. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर चुकीच्या जादा व्होल्टेजमुळे अस्थिर होत असल्याचं कंपनीनेच मान्य केलं, ऑगस्टपासून मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या) दुरुस्त्या दिल्या आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. त्या पिढीचं मशीन सर्व्हरसारखं चोवीस तास चालवत असाल तर बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) आजच अपडेट करा. दुरुस्ती पुढचं नुकसान थांबवते. आधीच झिजलेली चिप तिने बरी होत नाही, ती वॉरंटीतच बदलून घ्यावी लागते. अधूनमधून कारण नसताना प्रोग्राम बंद पडत असतील तर विंडोज परत टाकण्याआधी हे तपासा.

विजेचाही हिशेब करा. जुनं झिऑन मशीन नव्यापेक्षा १०० वॅट जास्त ओढत असेल आणि चोवीस तास चालू असेल, तर महिन्याला ७२ युनिट जास्त. स्वस्तात मिळालेल्याची किंमत महावितरणच्या बिलात वसूल होते.

"डिस्प्ले येत नाही"

सर्व्हरचा प्रोसेसर घरी आणल्यावर पहिला फोन याचाच येतो. बहुतेक झिऑनमध्ये ग्राफिक्स नसतं, ९६५४ सारख्या मोठ्या एपिकमध्ये तर नसतंच; साध्या बोर्डावर कार्ड हवंच. सर्व्हर बोर्डावर दूरून हाताळणीसाठी वेगळी चिप असते, ती आपला डिस्प्ले व्हीजीए पोर्टवर काढते. तुम्ही कार्ड लावून एचडीएमआयकडे बघत बसता आणि चित्र मागच्या व्हीजीएवर असतं. आधी व्हीजीएला मॉनिटर लावा, बायोसमध्ये जाऊन मुख्य डिस्प्ले बदला. काही बोर्डांवर त्यासाठी जंपर (पिनांवर बसणारी छोटी टोपी) असतो.

आणि धीर धरा. भरपूर रॅम असलेला सर्व्हर पहिल्यांदा सुरू होताना मेमरीची जुळवणी करतो, त्यात कित्येक मिनिटं जातात. दोन मिनिटांत बटण दाबून बंद केलं की ती जुळवणी पुन्हा पहिल्यापासून. पंखे फिरतायत, पडदा काळा आहे, तर चहा करून या. मगच काळजी.

तरीही काही नसेल तर वरच्या बाजूच्या दोन आठ-पिनांच्या वीज केबल दोन्ही लावल्यात का बघा, मग प्रोसेसर काढून सॉकेटमधल्या पिना टॉर्च तिरपा धरून तपासा.

थोडक्यात आटोपतील अशा गोष्टी: सर्व्हरच्या हीटसिंकला स्वतःचा पंखा नसतो, तो कॅबिनेटच्या वाऱ्यावर जगतो, साध्या कॅबिनेटमध्ये तापून मशीन रखडतं. मोठे सर्व्हर बोर्ड १२ बाय १३ इंचांचे असतात, नेहमीच्या कॅबिनेटमध्ये मावत नाहीत. विंडोज होम एकच प्रोसेसर वापरतं, दोन हवे तर प्रो लागतं. विंडोज सर्व्हरचं लायसन्स कोअरवर मोजतात, किमान १६ कोअरचं घ्यावं लागतं. जितके कोअर जास्त तितके पैसे जास्त. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत झिऑन ई५ व्ही४ नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

सेकंडहँड एपिक घेताना शेवटची खबरदारी. काही कंपन्यांच्या सर्व्हरमध्ये एकदा चालवलेला एपिक त्या कंपनीच्या बोर्डालाच कायमचा बांधला जातो. चिपच्या आतले फ्यूज जळलेले असतात, ते उलट करता येत नाही, आणि वरून चिप अगदी चकचकीत दिसते. त्यामुळे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर ऑनलाइन मागवा, "अनलॉक्ड" असं बिलावर लिहून घ्या. दुकानात असाल तर तुम्ही घेणार आहात त्याच बनावटीच्या बोर्डावर बसवून, बायोसचा पडदा दिसेपर्यंत थांबा आणि मग पैसे द्या.