चकलीला घरी आणलं तेव्हा: निवाऱ्यातलं कुत्रं दत्तक कसं घ्यावं

आमच्या कुत्रीची शेपटी दीड वेढा घेऊन पाठीवर बसते, म्हणून तिचं नाव चकली. पुण्यातल्या एका निवाऱ्यातून आली तेव्हा साधारण दीड वर्षाची होती. कुठल्याशा गाडीने ठोकरल्यामुळे मागचा उजवा पाय किंचित ओढायची. पहिल्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलाखाली जाऊन जी बसली, ती दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता बाहेर आली. आज तीच चकली लिफ्टमध्ये शिरल्या शिरल्या शेजारच्या काकूंच्या भाजीच्या पिशवीत नाक घालते आणि काकू तिला मटाराची एक शेंग देतात. तिच्याकडे बघून आमच्या इमारतीत आणखी दोन घरांनी निवाऱ्यातली कुत्री आणली. ते कसं झालं ते ओघात येईलच. आधी पहिलं कुत्रं घरी कसं आणायचं ते बघू.

आधी घरच्यांची बैठक

कुत्रं बारा ते पंधरा वर्षं जगतं. आज चौथीत असलेलं पोर तोवर नोकरी शोधत असेल. त्यामुळे “मुलं मागे लागलीत” हे कारण पुरेसं नाही. सकाळी सहाला फिरवायला कोण नेणार, गणपतीत सगळे कोकणात गेल्यावर ते कुठे राहणार, घर भाड्याचं असेल तर करारात काय लिहिलंय, याची उत्तरं आधी हवीत. “सगळे मिळून बघू” हे उत्तर नाही, माणसाचं नाव घ्या.

घरात एखाद्याला कुत्रं आवडत नसेल तर त्याला न विचारता आणू नका. माझ्या सासूबाईंना कुत्री आवडत नव्हती आणि आजही आवडत नाहीत. त्यांची एकच अट होती: देवघरात यायचं नाही. मग चकलीला आम्ही सगळ्यात आधी ‘थांब’ शिकवलं, तेही पनीरच्या तुकड्यांवर, कारण देवघरासमोर चिकन चालणार नव्हतं. आता आरती चालू असली की ती उंबऱ्याबाहेर बसून असते. सासूबाई तिच्याशी बोलत नाहीत, पण ताटातली पोळी संपत आली की शेवटचा घास बाजूला ठेवतात. एवढ्यावर आमचं भागतं.

निवड करताना

मुंबईत १९८५ पासून काम करणारी ‘द वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’, पुण्यात २००७ साली सुरू झालेली ‘रेस्क्यू’, गोव्यात आसगावला ‘इंटरनॅशनल ॲनिमल रेस्क्यू’ अशा संस्था आपल्याकडे आहेत, शिवाय लहान शहरांतही घरच्या घरी जखमी कुत्री सांभाळणारी माणसं सापडतात. निवाऱ्यातली कुत्री कुठून येतात हेही माहीत असावं. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार धडधाकट भटक्या कुत्र्याची नसबंदी करून, रेबीजची लस टोचून त्याला मूळ जागी परत सोडायचं असतं. कानाला खाच दिसली तर नसबंदी झालेली आहे असं समजायचं. म्हणून निवाऱ्यात मागे राहतात ती बहुतेक अपघातातली, आजारातून उठलेली, आईविना सापडलेली पिल्लं आणि घरातून बाहेर काढलेली कुत्री. या शेवटच्या गटात लॅब्रेडॉर, हस्कीसुद्धा असतात. पुण्या-मुंबईच्या उन्हाळ्यात हस्की पाळायची हौस फिटली की ती बिचारी तिथे पोचते.

पहिल्याच भेटीत पिल्लाच्या प्रेमात पडू नका. दोनदा जा, एकदा सकाळी आणि एकदा जेवणाच्या वेळी. पिल्लू मोठं किती होईल, स्वभाव कसा निघेल, काहीच सांगता येत नाही, आणि त्याला दिवसभर घरात माणूस लागतं. दोन-तीन वर्षांचं कुत्रं जसं असतं तसं समोर दिसतं. तिथे रोज खायला घालणाऱ्या मावशी किंवा दादांना गाठा. कार्यालयातल्या माणसापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं. हे मुलांजवळ कसं वागतं? मांजर दिसली की काय करतं? खाताना जवळ गेलं तर गुरगुरतं का? एकटं ठेवलं तर ओरडतं का? चकलीबद्दल तिथल्या मावशी म्हणाल्या, “भांडत नाही, पण झाडूला घाबरते.” हे एक वाक्य आम्हाला पुढे फार उपयोगी पडलं.

मग फॉर्म येतो आणि कुणीतरी घर बघायला येतं. मुलीच्या स्थळासारख्या चौकशा होतात: पगारापासून बाल्कनीच्या गजांपर्यंत. रागावू नका. ज्या संस्था एवढं विचारत नाहीत त्यांच्याबद्दल मला उलट शंका येते.

कागद आणि डॉक्टर

घरी आणताना लसीकरणाचं कार्ड, नसबंदीची तारीख, शेवटचं जंताचं औषध कधी दिलं आणि काय खायला घालत होते, एवढं लिहून घ्या. पिल्लू असेल तर पार्व्हो, डिस्टेंपर या जीवघेण्या संसर्गांसाठीची एकत्रित लस सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस असतात. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांची झाल्यावर. लशी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर सोडू नका, कारण पार्व्हो चार दिवसांत होत्याचं नव्हतं करतो. महापालिकेचा परवाना घ्यायला रेबीजच्या लशीचा दाखला लागतो, तो जपून ठेवा.

पहिल्या आठवड्यातच डॉक्टरकडे एक फेरी करा. मुख्य भीती गोचिडांची. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात आणि पट्ट्याखाली बघा. गोचीड-तापाने कुत्रं आधी फक्त मलूल होतं, जेवण सोडतं, हिरड्या फिकट पडतात. नवीन घर आहे म्हणून गप्प आहे असं आपण समजतो आणि दोन दिवस जातात. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे अंग गरम लागलं म्हणून लगेच घाबरू नका, मोजून बघा. आणि आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन कधीही देऊ नका.

पहिले तीन दिवस काहीही करू नका

सगळ्यात अवघड पायरी हीच. आणल्या आणल्या लोकांना आंघोळ घालायची असते, मामा-मावशींना दाखवायचं असतं, फोटो काढायचे असतात. चकली आली त्या दिवशी आमच्याकडे नऊ जण जमले होते. ही चूक माझीच होती. ती टेबलाखाली थरथरत होती आणि आम्ही चारही बाजूंनी वाकून “चकले, ये ना गं” करत होतो. तिच्या जागी मी असते तर चावले असते.

एक कोपरा ठरवा, तिथे जुनी चादर टाका, पाण्याची वाटी जवळ ठेवा. जेवण ठेवून निघून जा. डोळ्यांत डोळे घालून बघू नका, वरून हात घालून डोकं कुरवाळू नका. शक्य असेल तर त्याच खोलीत जमिनीवर बसून पेपर वाचा. कुत्रं स्वतःहून येऊन वास घेईल, तेव्हाही लगेच हात पुढे करू नका. पुढे गादीवर चढू द्यायचं नसेल तर पहिल्या दिवसापासून नको. आज हो, उद्या नाही, हे त्याला कळत नाही.

निवाऱ्यात काम करणारी माणसं तीनाचा हिशेब सांगतात: जरा सावरायला तीन दिवस, घराची घडी कळायला तीन आठवडे, आपलं घर वाटायला तीन महिने. हा ठोकताळा आहे, वेळापत्रक नव्हे. चकलीला कुकरच्या शिट्टीची सवय व्हायला पाच आठवडे लागले. झाडूचं तर आम्ही असं केलं की आठ दिवस झाडू नुसता भिंतीला टेकवून ठेवला आणि त्याच्याभोवती चिकनचे तुकडे टाकले. कामाला येणाऱ्या ताईंना हा प्रकार वेडेपणाचा वाटला. बरोबरच होतं त्यांचं, पण जमलं.

खाणं आणि शी-शू

पहिला आठवडा निवाऱ्यातलंच खाणं द्या, मग सात दिवसांत हळूहळू बदला. नाहीतर जुलाब होतात आणि दोष लोक कुत्र्याला देतात. दूध-पोळीवर कुत्रं जगतं, पण त्याला प्रथिनं लागतात: अंडं, उकडलेलं चिकन, पनीर, दही. दूध बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना पचत नाही. शिजवलेली हाडं नकोत, ती चिरफळून आतड्यात टोचतात. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं आणि मनुका-बेदाणे विषारी आहेत. नैवेद्याच्या शिऱ्यातले बेदाणेही यातच आले. आमच्याकडे होळीला चकलीने दोन पुरणपोळ्या पळवल्या तेव्हा माझा पहिला प्रश्न “जायफळ किती घातलं होतं?” हा होता, कारण तेही जास्त झालं तर त्रासदायक. सुदैवाने सासूबाईंचा हात जायफळाला आखडता असतो.

झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर लगेच बाहेर न्या. योग्य जागी झालं की तिथल्या तिथे खाऊ द्या, घरी येऊन नाही. घरात झालं तर ओरडू नका, नाक घासू नका. त्यातून ते एवढंच शिकतं की तुमच्यासमोर शू करायची नाही, आणि मग सोफ्यामागे करतं.

दाराबाहेर पडताना

नवं कुत्रं पळून जाण्याचा धोका पहिल्या काही आठवड्यांत सगळ्यात जास्त. घाबरलं की मागे सरकतं आणि गळ्यातला पट्टा डोक्यावरून निसटतो. म्हणून पट्टा आणि हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) दोन्ही वापरा, आणि पट्ट्याला फोन नंबरचा बिल्ला लावा. आमची चकली तिसऱ्याच दिवशी वॉचमनची काठी बघून अशी उलटी फिरली की हार्नेस नसता तर मी आज हा लेख लिहित नसते. वॉचमनदादांना मी विनंती केली, त्यांनी आठवडाभर आम्ही जाताना काठी खुर्चीमागे ठेवली. सातव्या दिवशी त्यांच्या डब्यातल्या भाकरीचा तुकडा चकलीने हातातून घेतला.

पुण्यात गणपतीच्या आधी कितीतरी दिवस नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो. माणसाच्या कितीतरी पटीने तीक्ष्ण कान असलेल्या प्राण्याला तो काय वाटत असेल! त्या दिवसांत फिरण्याची वेळ बदला. दिवाळीत अंधार पडायच्या आत फिरवून आणा, खिडक्या लावून पंखा आणि टीव्ही चालू ठेवा. घाबरून जवळ आलं तर जवळ घ्या, त्याने भीती वाढत नाही. फारच घाबरत असेल तर दिवाळीच्या महिनाभर आधी डॉक्टरशी बोला, पाडव्याच्या रात्री नाही.

उन्हाळ्यात डांबरावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला सोसवत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही.

सोसायटी

बैठकीत कुणीतरी “आपल्या इमारतीत कुत्री चालत नाहीत” म्हणणारच. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. पण हा कागद पहिल्या दिवशी काढू नका. आधी खिशात पिशव्या ठेवा, शी उचला, लिफ्टमध्ये कुणी घाबरलं तर “तुम्ही जा, आम्ही पुढच्याने येतो” म्हणा. आमच्या सेक्रेटरींनी ज्या दिवशी मला वाकून शी उचलताना पाहिलं, त्या दिवसापासून तक्रारीचं पत्र पुढे सरकलंच नाही.

चकलीची जाहिरात

आता त्या दोन घरांबद्दल. आम्ही कुणाला दत्तक घ्या म्हणून गळ घातली नाही. चकली रोज त्याच वेळी, त्याच रस्त्याने फिरते. भाजीवाला, इस्त्रीवाला, वेताळ टेकडीवर येणारे आजोबा, सगळे विचारतात, “कुठल्या जातीची?” मी म्हणते, “आपल्याच. निवाऱ्यातून आणली.” दहातले नऊ जण “अस्सं” म्हणून पुढे जातात. दहावा थांबतो आणि “पायाला काय झालंय?” विचारतो. त्याच्याशी बोला. तक्रारीही सांगा: चकलीने खाल्लेला टीव्हीचा रिमोट, पावसात बाहेर पडायला नकार, पहिल्या महिन्यातलं माझं रडणं. गोड गोड सांगून नेलेलं कुत्रं पंधरा दिवसांत परत येतं.

निवाऱ्यातल्या इतर कुत्र्यांसाठी काही करायचं असेल तर फोटो काढून द्या. दिवसाच्या उजेडात, गुडघ्यावर बसून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून, पिंजऱ्याचे गज न दिसता. काळ्या कुत्र्यांचे फोटो नेहमी वाईट येतात, त्यांना फिक्या भिंतीसमोर उभं करा. खाली वय, नर की मादी, लशी, नसबंदी आणि एक खरी खोड लिहा. “प्रेमळ, गोंडस” सगळेच लिहितात. “स्कूटरचा आवाज ओळखून दारात येतो” असं लिहिलं की माणूस फोन करतो. पण फोन करणाऱ्याला थेट कुत्रं देऊ नका, संस्थेकडे पाठवा. नसबंदी न झालेलं कुत्रं फुकट मिळतंय म्हणून पिल्लांच्या धंद्यासाठी नेणारेही असतात.

आणि नाहीच जमलं तर ज्या संस्थेकडून आणलं तिलाच परत करा. रस्त्यावर सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. परत करण्यात लाज नाही, लपवण्यात कुत्र्याचा जीव जातो.

तिसऱ्या मजल्यावरच्या घरात गेल्या पावसाळ्यात बंड्या आला. दुसऱ्या दिवशी रात्री त्यांचा फोन: “अहो, सोफ्याखालून बाहेरच येत नाहीये. आम्ही सगळे बोलावतोय.”

“किती जण आहात?”

“सहा.”

मी म्हटलं, “पाणी जवळ सरकवा, आणि पाच जण झोपायला जा.”