सेकंड-हँड रोलेक्स घेताय? आधी मागचं झाकण उघडायला लावा

सेकंद काटा सरसर फिरतो म्हणून घड्याळ अस्सल, हा समज आधी सोडा. रोलेक्सच्या जुन्या सबमरिनर मॉडेलमधलं (क्रमांक १६६१०) ३१३५ नावाचं मशीन तासाला २८,८०० ठोके देतं, आणि नकलेतलं साधं ऑटोमॅटिक मशीनही अनेकदा तेवढेच देतं.

त्यापेक्षा ओळखीच्या घड्याळजीकडे झाकण उघडून घ्या आणि भिंगातून बॅलन्स व्हील बघा, ते सतत मागे-पुढे झुलणारं चाक. ३१३५ मध्ये त्याच्यावरची पट्टी पुलासारखी दोन्ही टोकांना स्क्रूने बसवलेली असते. घड्याळाचा वेग कमी-जास्त करायची दांडी नसते. त्याऐवजी चाकाच्या आतल्या कडेला इवलेसे नट असतात. १६६१० मध्ये पट्टी एकाच बाजूने धरलेली आणि शेजारी अधिक-उण्याच्या खुणांची दांडी दिसली, की व्यवहार तिथेच थांबवा.

हल्ली चांगल्या नकला हा पूलही हुबेहूब करतात. तेव्हा फिनिशिंग बघा: स्क्रूची खाच स्वच्छ कापलेली हवी, पट्टीच्या कडेला खरखर नको. मात्र एखाद्या स्क्रूवर ओरखडा दिसला म्हणून घाबरू नका, तो जुन्या सर्व्हिसिंगचाही असतो.

विकणारा झाकण उघडू देत नसेल तर घेऊच नका. आणि झाकण परत बसवताना गॅस्केट (पाणी आत जाऊ न देणारी रिंग) तपासून पाण्याची चाचणी नक्की करून घ्या.