सड्याच्या कड्यावर पॅराग्लायडिंग: वारा आणि भरती आधी बघा

कोकणात सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या सपाट पठाराच्या, कड्यालगत उडायचं तर भिस्त खाऱ्या वाऱ्यावर, म्हणजे समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यावर. तो दुपारी जोर धरतो, सूर्य कलला की पडतो. कड्यावर साधारण ताशी १८ ते २५ किमी वेगाचा, समोरून येणारा वारा हवा. तीसच्या वर गेला की पंख (पॅराग्लायडरचं कापडी छत) पुढे सरकत नाही आणि माणूस मागे सड्यावर ढकलला जातो. तिथेच खरा धोका, कारण जांभ्याचा कडा काटकोनात तुटलेला असतो आणि वारा त्याच्या मागे गरगरतो.

परीक्षा सोपी आहे. काठावर आणि पंधरा पावलं मागे, दोन्हीकडे मूठभर सुकं गवत उडवा. मागचं गवत उलटं समुद्राकडे फिरलं, तर तिथे पंख पसरू नका. उतरती, गोलसर कड शोधा. करवंदीच्या जाळीत दोऱ्या अडकल्या तर ओढू नका, सोडवा.

चौघं-पाचजण असाल तर एका वेळी दोघंच हवेत. पश्चिमेला तोंड असलेल्या कड्यावर उत्तरेकडे जाणाऱ्याच्या उजवीकडे डोंगर येतो, त्याला वाट द्यायची. दक्षिणेकडे जाणाऱ्याने समुद्राकडे सरकायचं. वळण कायम समुद्राच्या बाजूनेच.

आणि पुळण, म्हणजे उतरायची वाळू! भरतीला ती कड्याखाली उरतच नाही. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते: चतुर्थीला पूर्ण भरती तीनच्या सुमारास, म्हणजे ऐन उडायच्या वेळी. एकादशी-द्वादशीला दुपारी पाणी ओसरलेलं असतं, तेव्हा या.