कानातली शिट्टी: मिरवणुकीनंतर काय करायचं (माझा अनुभव)

विसर्जन मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढे किंवा नाशिकच्या अंबड-सातपूर कारखान्यांत पॉवर प्रेसशेजारी (पत्रा ठोकणाऱ्या मशीनशेजारी) उभं राहिल्यावर कानात वाजणारी शिट्टी बहुधा एक-दोन दिवसांत विरते. सोबत अचानक ऐकू कमी आलं तर थांबू नका, त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टर गाठा. स्टेरॉइडचा उपयोग सुरुवातीलाच होतो. शिट्टी नाडीच्या ठोक्यावर वाजत असेल तरी दाखवाच. ऑडिओमेट्रीच्या (ऐकण्याच्या चाचणीच्या) आलेखात 4000 हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसला की संशय गोंगाटावरच.

टिकलेली शिट्टी बंद करणारी गोळी नाही, आणि कानात तेल तर नकोच. मला लागू पडलं ते रात्री पंखा किंवा मोबाइलवर पावसाचा आवाज, शिट्टीपेक्षा किंचित हळू. ती पूर्ण बुडवायची नाही, म्हणजे हळूहळू अंगवळणी पडते.

पुढच्या वेळी कानात घालायचे फोमचे प्लग. बोटांत वळून बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढा, प्लग सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरा. आपलाच आवाज घुमला तर नीट बसला. कापसाचे बोळे म्हणजे नुसतं समाधान. घरच्या शांततेत मात्र प्लग काढा, नाहीतर शिट्टीच मोठी वाटते.