अँबियंटचा पहिला अल्बम करताना

अँबियंट म्हणजे ठेका आणि गाणं नसलेलं, वातावरणासारखं पसरत राहणारं संगीत. सिंथवर (इलेक्ट्रॉनिक वाद्यावर) एक सूर दाबून ठेवायचा आणि वर भरपूर रिव्हर्ब (घुमारा) ओतायचा, झालं अँबियंट, असं नव्याने येणाऱ्याला वाटतं. पहिले दोन दिवस ते खरंही वाटतं. पण ठेका आणि गाणं असलेल्या संगीतात खरखर, टिचक्या, कच्चे सांधे खपून जातात. इथे त्यांना झाकायला काहीच नसतं. त्यामुळे सूर शोधण्यापेक्षा साफसफाईला जास्त वेळ जाणार, हे धरूनच बसावं.

सामान फार लागत नाही. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर 60 दिवस मोफत वापरून बघता येतं, नंतरचं लायसन्स 60 डॉलरचं. व्हायटल हा सिंथ आणि व्हॅलहाला सुपरमॅसिव्ह हा रिव्हर्ब मोफत मिळतो, आणि पहिल्या अल्बमला एवढं पुरतं. पैसे घालायचेच तर चांगल्या हेडफोनमध्ये आणि हातातल्या रेकॉर्डरमध्ये घालावेत.

बाहेरचे आवाज 24 बिट, 48 किलोहर्ट्झवर घ्यावेत आणि सर्वांत मोठा आवाज उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील इतकीच पातळी ठेवावी. माइकवर केसाळ टोपी हवीच. वाऱ्याचा धपका एकदा रेकॉर्डिंगमध्ये शिरला की तो पुरता कधीच निघत नाही. घरात रेकॉर्ड करताना लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवावा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणून गुणगुण 50, 100, 150 अशी चढत जाते. ती नंतर कापता येते, पण 100 आणि 150 कापताना पॅडचा, म्हणजे सिंथच्या लांब पसरलेल्या सुरांचा, ऊबदार भागही थोडा जातोच.

आता लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारे तुकडे. 16, 20 आणि 24 सेकंदांचे तीन लूप एकत्र सोडले तर बरोबर 4 मिनिटांनी तिन्ही पुन्हा एका जागी येतात, आणि कानाला ते लगेच कळतं. तेच 17, 19 आणि 23 सेकंदांचे घेतले तर ती वेळ 7429 सेकंदांनी, म्हणजे दोन तासांहून जास्त वेळाने येते. अँबियंटचा प्रवर्तक ब्रायन इनो याच्या 1978 च्या ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ या अल्बममागे हीच युक्ती होती: टेपवरचा एक सूर सुमारे साडेतेवीस सेकंदांनी परततो, दुसरा सव्वीसच्या जरा आधी. लूपच्या सांध्यावर दोन-तीन सेकंदांचा क्रॉसफेड (एक आवाज उतरत असताना दुसरा चढवणं) द्यावा आणि तो ‘इक्वल पॉवर’ (वक्र रेषेचा, एकूण आवाज सारखा ठेवणारा) असावा. सरळ रेषेच्या क्रॉसफेडमध्ये मधोमध आवाज सुमारे 3 डेसिबल खचतो. दर 17 सेकंदांनी कोणी श्वास गिळल्यासारखं वाटतं.

यादृच्छिक बदल करणारा पॅच (सिंथची मांडणी) असेल तर आधी ऑडिओ रेकॉर्ड करून ठेवा, मग बाकीचं. प्रोजेक्ट दुसऱ्यांदा उघडल्यावर तोच आवाज येईल याची खात्री नसते.

मराठी मुलं हमखास अडकतात ती तंबोऱ्यापाशी. मिरजेचा जवारी काढलेला तंबोरा आणि खाली सिंथचा पॅड, ही कल्पना बहुतेकांना सुचते. मग ‘काहीतरी डुचमळतंय’ म्हणून सगळे रिव्हर्बला दोष देतात. कारण वेगळंच असतं. पांढरी एकच्या पट्टीत खर्जाची तार 65.4 हर्ट्झला असते. तिचा पाचवा हार्मोनिक (मूळ कंपनाची पाचपट), म्हणजे जो स्वयंभू गंधार म्हणून ऐकू येतो तो, 327 ला पडतो. सिंथचा समान विभागणीतला (सप्तकाचे बारा सारखे भाग धरणारा) गंधार 329.6 ला. दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला अडीच-पावणेतीन हेलकावे येतात. फरक 14 सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). पंचमात तो जेमतेम 2 सेंटचा असल्याने तो त्रास देत नाही. उपाय दोन. एक तर सिंथचा गंधार 14 सेंट उतरवावा (व्हायटल ‘स्केला’ प्रकारची ट्यूनिंग फाइल घेतो), नाहीतर पॅडमधून गंधार काढून सा, रे, प एवढ्यावर भागवावं आणि गंधार तंबोऱ्यावर सोडावा. दुसरा उपाय सोपा, आणि बऱ्याचदा जास्त सुंदरही.

रिव्हर्बची शेपटी 8 ते 12 सेकंद ठेवायला हरकत नाही, पण रिव्हर्बच्या चॅनेलवर 250 हर्ट्झच्या खालचं कापा. न कापल्यास प्रत्येक नव्या सुराचा खालचा भाग आधीच्यावर साचतो आणि 200 ते 400 हर्ट्झमध्ये गाळ होतो. शेपटी 12 सेकंदांची आणि कॉर्ड दर 8 सेकंदांनी बदलते, तर जुना कॉर्ड नव्याशी भांडणारच. दोन्हींत किमान दोन सूर सामायिक ठेवावेत. एक्स्पोर्ट करताना शेवटच्या सुरानंतर निदान 20 सेकंद मोकळे सोडावेत. शेपटी कापलेला ट्रॅक ही नवख्याची ठळक खूण.

मिक्स हळू आवाजात करावा, कारण ऐकणारा तसाच ऐकणार, आणि हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो. शेवटची तपासणी छताचा पंखा लावून करा. त्यात काय बुडतं ते कळतं. मोनोमध्येही (डावी-उजवी बाजू एकत्र करून) एकदा ऐका. फार रुंद केलेला पॅड फोनच्या एका स्पीकरवर जवळजवळ गायब होतो.

मास्टरिंगमध्ये, म्हणजे अल्बमची शेवटची पातळी ठरवताना, स्पॉटिफायच्या उणे 14 लफ्सच्या (लफ्स हे आवाज किती मोठा जाणवतो त्याचं माप) मागे लागून लिमिटर (टोकं दाबून आवाज मोठा करणारं साधन) दाबू नये. उणे 18, उणे 20 वरचा अँबियंट तसाच चांगला. स्पॉटिफाय हळू आवाजाचा ट्रॅक वर उचलतो खरा, पण उंच टोकाला 1 डेसिबल जागा ठेवूनच. मात्र उचलताना खरखरही वर येते, म्हणून आधी ती साफ हवी.

स्ट्रीमिंगवर 30 सेकंदांनंतर एक स्ट्रीम मोजली जाते. ट्रॅक 20 मिनिटांचा असला तरी एकच. 2024 पासून बारा महिन्यांत 1000 स्ट्रीम न झालेल्या ट्रॅकला स्पॉटिफाय पैसे देत नाही. ही अट प्रत्येक तुकड्याला वेगळी लागते, म्हणून सलग रचनेचे तुकडे करण्यात अर्थ नाही. पहिल्या अल्बमचे पैसे आले तर बँडकॅम्प या थेट विक्रीच्या साइटवरून येतात, तिथे डिजिटल विक्रीवर 15 टक्के कापले जातात. फ्रीसाउंड या आवाजांच्या मोफत संग्रहातले पक्ष्यांचे आवाज वापरले असतील तर परवाना बघा, ‘नॉन-कमर्शियल’ असेल तर ते काढा. तयार लायब्ररीतले लूप असलेला ट्रॅक यूट्यूबच्या कंटेंट आयडीत (आवाज ओळखून हक्क सांगणाऱ्या यंत्रणेत) घालू नका, तोच लूप वापरणाऱ्या दुसऱ्या कोणावर दावा जातो. कलाकाराचं नाव आधी सगळीकडे शोधून पाहा. एकाच नावाचे दोघे असले की अल्बम भलत्याच्या पानावर जाऊन बसतो. वितरकाकडे (स्ट्रीमिंग सेवांवर अल्बम पोहोचवणाऱ्याकडे) तो तीन-चार आठवडे आधी द्या. स्पॉटिफायच्या संपादकांकडे प्रकाशनाच्या किमान 7 दिवस आधी सुचवावं. रचनाकार म्हणून मिळणारी रॉयल्टी आयपीआरएस या रचनाकार-गीतकारांच्या हक्क संस्थेकडून येते, वितरकाकडून नाही, त्यामुळे तिथे वेगळं सभासद व्हावं लागतं.

एलपीचा मोह टाळावा. हळू आवाजाच्या संगीतात तबकडीची चरचर वर येते आणि एका बाजूला 18 ते 22 मिनिटंच नीट बसतात. कॅसेट स्वस्त, आणि तिची सळसळ या संगीतात खपते. सी-60 ची एक बाजू 30 मिनिटांची. अल्बम 44 मिनिटांचा असेल तर 22-22 अशी विभागणी जमते का, हे क्रम लावतानाच पाहा. 29-15 झाली तर दुसऱ्या बाजूला पंधरा मिनिटं कोरी टेप फिरत राहते.