मेल सर्व्हर गच्च भरला? पुसापुशीआधी हे वाचा

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या काही कारखान्यांचे मेल सर्व्हर माझ्याकडे असतात. फोन ठरलेला: "भाऊ, सकाळपासून मेल येऊनच नाही राहिले." बहुतेक वेळा डिस्क भरलेली निघते. लिनक्सवर पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारा प्रोग्राम) आणि डव्हकॉट (आलेले मेल साठवून लोकांना दाखवणारा) चालवत असाल तर मी काय करतो ते सांगतो.

आधी मालकाला शांत करा, मेल हरवलेले नसतात. जागा कमी पडली की पोस्टफिक्स समोरच्या सर्व्हरला ४५२ हा कोड देतो. ४ ने सुरू होणारा कोड म्हणजे "आत्ता नाही, नंतर या". समोरचा मेल आपल्या रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा पाठवून बघतो. पोस्टफिक्समध्ये ही मुदत मुळात ५ दिवसांची असते. आणखी एक, डिस्क पूर्ण भरायची तो वाट बघत नाही. एका मेलची जी कमाल साइज ठरवली असेल, तिच्या दीडपट जागा शिल्लक हवीच. "मोठी ड्रॉइंगं येत नाहीत" म्हणून कोणी ती मर्यादा १०० एमबी करून ठेवली असेल, तर मोकळी जागा १५० एमबीच्या खाली गेली की दार बंद.

आता डिस्कवर किती जागा उरली ते दाखवणारी 'डीएफ' कमांड दोनदा चालवा, एकदा 'एच' (-h) लावून आणि एकदा 'आय' (-i) लावून. दुसरी लोक विसरतात. मेल साठवायच्या मेलडिर पद्धतीत प्रत्येक मेल म्हणजे एक वेगळी फाइल. कधी कधी जीबी भरपूर शिल्लक असतात, पण आयनोड (दर फाइलमागे डिस्कवर लागणारी एक नोंद, त्यांची संख्या ठरलेली असते) संपलेले असतात. मग मोठ्या फाइली शोधून काही होत नाही, हजारो बारीक मेल काढावे लागतात.

श्वास घेण्यापुरती जागा लॉगमधून, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींच्या फाइलींमधून काढा. सिस्टिमचे लॉग सांभाळणाऱ्या 'जर्नलसीटीएल' कमांडला व्हॅक्यूमचा पर्याय आहे. ५०० एमबी ठेवून बाकी उडवा. अमॅव्हिस (स्पॅम आणि व्हायरस गाळणारा प्रोग्राम) असेल तर त्याचा क्वारंटाइन फोल्डर बघा, वर्षानुवर्षांचा स्पॅम तिथे पडून असतो. चालू लॉग मात्र 'आरएम' या फाइल पुसायच्या कमांडने उडवू नका. फाइल दिसेनाशी होते, पण ज्या प्रोसेसने ती उघडून ठेवली आहे ती सोडेपर्यंत जागा काही सुटत नाही. असं आधीच कोणी केलं असेल तर 'एलएसओएफ' कमांडला अधिक एल एक (+L1) लावा, पुसलेल्या पण उघड्या फाइली दिसतील. ती सर्व्हिस रीस्टार्ट केली की जागा परत. चालू लॉग रिकामा करायचा तर 'ट्रंकेट' वापरा.

मग खरे खाणारे शोधा. मेलच्या फोल्डरवर 'डीयू' (फोल्डरची साइज सांगणारी कमांड) चालवून मोठ्यापासून लहानापर्यंत क्रम लावा. माझ्या अनुभवात वर असतात डिझाइन आणि परचेस. १५ एमबीचं ड्रॉइंग मेलमधून जाताना बेस६४ मुळे (अटॅचमेंट अक्षरांत बदलायची पद्धत) २० एमबीचं होतं. ऑफिसातल्या १२ जणांना पाठवलं, शिवाय पाठवणाऱ्याच्या सेंटमध्ये एक, झाले २६० एमबी. तेच ड्रॉइंग सुधारून संध्याकाळी पुन्हा सगळ्यांना!

सुरुवात ट्रॅश आणि जंकपासून करा. डव्हकॉटच्या 'डव्हएडएम एक्सपंज' कमांडने ३० दिवसांपूर्वीचं काढता येतं, पण तीच अट आधी 'डव्हएडएम सर्च'ला देऊन काय काय जाणार ते बघा. काही जण ट्रॅशमध्येच महत्त्वाचे मेल जपून ठेवतात, हे गंमत म्हणून सांगत नाही. स्टोरेज एमडीबॉक्स (एका फाइलमध्ये अनेक मेल ठेवायची डव्हकॉटची पद्धत) असेल तर एक्सपंजनंतर 'डव्हएडएम पर्ज' चालवावंच लागतं, तोवर एक केबीसुद्धा सुटत नाही. एमडीबॉक्सच्या फाइली आणि इंडेक्स हाताने पुसायला तर जाऊच नका.

जुने इनबॉक्स पुसू नका, हलवा. त्याआधी अकाउंट्सला विचारा. जीएसटीचे हिशेब वार्षिक रिटर्नच्या देय तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात, कंपनी कायद्याखाली हिशेबाची पुस्तकं ८ वर्षं, आणि कितीतरी बिलांची एकमेव प्रत मेलमध्येच असते. 'डव्हएडएम बॅकअप'ने दुसऱ्या डिस्कवर प्रत घ्या, त्यातले दोन-चार मेल अटॅचमेंटसकट उघडून बघा, मगच मूळ काढा. त्याच डिस्कवर झिप करायला बसू नका. उरलीसुरली जागाही जाईल. हे काम रात्री करा. मे महिन्यात दुपारी तर नकोच. सर्व्हर रूमचा एसी आधीच दमलेला असतो, आणि मध्येच लाइन गेली की बॅकअप अर्धवट.

काम झालं की डव्हकॉटमध्ये ट्रॅश आणि जंकला ऑटोएक्सपंज (जुने मेल आपोआप काढणं) ३० दिवसांचा लावा, डिस्क ८० टक्क्यांवर गेली की स्वतःला मेसेज येईल अशी क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कमांड) लावा. मेसेज त्याच सर्व्हरच्या मेलवर नको, मोबाइलवर. प्रत्येक मेलबॉक्सला कोटाही, म्हणजे जागेची मर्यादाही लावा. पहिली तक्रार मालकाचीच येते, कारण सर्वांत मोठा मेलबॉक्स त्यांचाच असतो. त्यांना दुप्पट द्या आणि बाकीच्यांना सांगू नका.